फिलाडेल्फियाचा इंडिपेन्डन्स हॉल : एका निवृत्त सहकार अधिकाऱ्याचा तपासणी अहवाल

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना फिरवायची एक ठरलेली यादी असते. नायगारा, वॉशिंग्टन, टाइम्स स्क्वेअर आणि मुक्काम न्यू जर्सीत असेल तर रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम. फिलाडेल्फिया त्या यादीत आलंच तर ‘जाता जाता ती तडा गेलेली घंटा (लिबर्टी बेल) बघू’ एवढ्यापुरतं. घंटा जरूर बघा, तिला तिकीट नाही. पण मी लिहितोय ते रस्त्यापलीकडच्या विटांच्या इमारतीबद्दल. चेस्टनट स्ट्रीटवर, पाचव्या आणि सहाव्या रस्त्याच्या मधे. बांधकाम १७३२ साली सुरू झालं, तेव्हा हे पेन्सिल्व्हेनियाचं स्टेट हाउस होतं. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथे मंजूर झाला आणि १७८७ ची राज्यघटनाही याच इमारतीत, त्याच दालनात तयार झाली.

माझा परिचय एका ओळीत: सहकार खात्यात नोकरी, निवृत्त होताना उपनिबंधक. आयुष्य गेलं ते गृहनिर्माण संस्था, पतसंस्था आणि त्यांचे पोटनियम तपासण्यात. सभेची नोटीस कधी निघाली, विषयपत्रिकेत काय होतं, गणपूर्ती होती का, ठराव कोणत्या अधिकारात केला, हे विचारायची सवय निवृत्तीनंतरही जात नाही. घरचे वैतागतात. ‘बाबा, इथे तरी नको,’ असं मुलगी गाडीतच म्हणाली होती.

आधी व्यवहाराचं. हॉलमध्ये रेंजरबरोबरच (म्हणजे सरकारी वाटाड्याबरोबर) जाता येतं आणि त्यासाठी ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. तिकीट ऑनलाइन काढायचं, आरक्षणाचा आकार माणशी एक डॉलर. एवढ्या पैशात पुण्यात पार्किंगही होत नाही. दाराशी सुरक्षा तपासणी असते, म्हणून दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. मोठ्या पिशव्या गाडीतच ठेवा. आमच्या हिच्या पर्समधला चिवड्याचा डबा बघून पहारेकरी हसला, पण अडवलं नाही.

घाई करून खाजगी टूरवाल्याचं पॅकेज घेऊ नका. आम्ही एकाचं घेतलं होतं. नाव सांगत नाही. त्याचा गडी ओळीने चालवत नेतो, ‘इथे महापुरुष जमले आणि त्यांनी अमेरिकेची घटना लिहिली’ असं म्हणतो आणि चीजस्टेकच्या दुकानाकडे वळतो. मी विचारलं, ‘त्यांना घटना लिहायला कोणी सांगितलं होतं?’ तो म्हणाला, ‘सर, पुढचा स्टॉप.’ पैसे वाया.

रेंजरची टूर अगदी वेगळी. आधी बाजूच्या इमारतीत पाच-दहा मिनिटं माहिती देतात, मग मुख्य इमारतीत नेतात. डाव्या-उजव्या हाताला दोन मोठी दालनं. पहिल्यांदा कोर्टरूम: पेन्सिल्व्हेनियाचं जुनं सर्वोच्च न्यायालय, आरोपीचा पिंजरा वगैरे. तिथे फार रेंगाळू नका. समोरचं असेंब्ली रूम हे खरं दालन. हिरवं कापड घातलेली टेबलं अर्धगोलात मांडलेली, त्यांवर पिसांच्या लेखण्या, कागद, मेणबत्त्या. आपण कठड्याच्या अलीकडे उभं राहायचं. बहुतेक सामान त्या काळासारखं जमवलेलं आहे. पण समोरची उंच पाठीची खुर्ची अस्सल. जॉन फोलवेलने १७७९ साली बनवलेली, हिच्यावर बसूनच जॉर्ज वॉशिंग्टनने १७८७ ची सभा चालवली. तिच्या पाठीवरच्या अर्ध्या सूर्याची गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही.

दालन लहान आहे, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या बँकेच्या सभागृहाएवढं. त्यात एकूण ५५ प्रतिनिधी येऊन गेले, मे ते सप्टेंबर, ऐन उन्हाळ्यात, बंद दाराआड. आत चाललेलं बाहेर बोलायचं नाही, असा नियमच केलेला. त्यांच्यातल्या जेम्स मॅडिसनने खाजगीत लिहून ठेवलेल्या सविस्तर नोंदी १८४० साली छापल्या, म्हणजे ५३ वर्षांनी आणि तो वारल्यानंतर. इतिवृत्त इतक्या उशिरा हाती येणारी दुसरी संस्था मी तरी पाहिलेली नाही.

इथे मी रेंजरला तोच प्रश्न विचारला: त्यांना घटना लिहायला कोणी सांगितलं होतं? नातीने मान खाली घातली. ती हायस्कुलात आहे आणि तिला या टूरवर शाळेसाठी लिहायचं होतं, म्हणून तिला आजोबांची गरजही होती आणि लाजही. रेंजर बाई मात्र खुलल्या. म्हणाल्या, ‘हा प्रश्न त्यांनी स्वतःही एकमेकांना विचारला होता, आणि याच खोलीत.’ मग मागची मंडळी खोळंबलेली असूनही त्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. उरलेलं मी घरी येऊन वाचलं.

प्रकरण असं आहे. १७८१ पासून तेरा राज्यांचा कारभार ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ नावाच्या करारावर चालत होता. त्यातल्या काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे वर्गणी मागायची आणि वाट बघत बसायचं. आयातीवर जकात बसवायची दुरुस्ती आणली तर एकट्या ऱ्होड आयलंडने ती पाडली, कारण तेराव्या कलमानुसार दुरुस्तीला आधी काँग्रेसची संमती आणि मग प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाचा दुजोरा लागायचा. एक जण नाही म्हणाला की संपलं. सप्टेंबर १७८६ मध्ये अॅनापोलिसला एक बैठक झाली. पाच राज्यांचे बारा जण आले. एवढ्यांत काही ठरणार नाही हे ओळखून त्यांनी मे महिन्यात फिलाडेल्फियाला भेटायचं सुचवलं. २१ फेब्रुवारी १७८७ ला काँग्रेसने त्या सभेला मान्यता दिली, पण ठरावात स्पष्ट घातलं की सभा भरवायची ती आर्टिकल्समध्ये सुधारणा करण्याच्या ‘एकमेव आणि स्पष्ट’ उद्देशाने, आणि तिने सुचवलेले बदल काँग्रेसला व राज्यांना मान्य झाले तरच लागू होतील.

आता माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो. सोसायटीने पोटनियम दुरुस्तीसाठी उपसमिती नेमली. समितीने दार लावून चार महिने काम केलं आणि बाहेर आली ती जुनी सोसायटी मोडून नवीच काढायचा प्रस्ताव घेऊन. वर लिहिलेलं, ‘तेरापैकी नऊ सभासद हो म्हणाले की त्या नवांपुरती नवी सोसायटी सुरू.’ माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी काय शेरा मारला असता, ते सांगायला नको. आमच्याकडे पोटनियम दुरुस्तीला सभेची चौदा दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश बहुमत आणि वर निबंधकांची मंजुरी लागते. इथे निबंधकच नव्हता.

आणि घाई बघा. सभा बोलावली होती १४ मेला. गणपूर्ती झाली २५ मेला. २९ तारखेला व्हर्जिनियाच्या एडमंड रँडॉल्फने नव्या सरकारचा आराखडा मांडला आणि ३० तारखेला ठरावही झाला की सर्वोच्च विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ असलेलं राष्ट्रीय सरकार स्थापन करावं. गणपूर्तीपासून पाच दिवसांत मूळ विषय बाजूला! त्याच दिवशी दक्षिण कॅरोलिनाच्या जनरल पिंकनीने शंका काढली की काँग्रेसच्या ठरावात किंवा आपल्या अधिकारपत्रांत हे बसतं का. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीलाही तशीच शंका होती. पण शंका नोंदवून गाडी पुढे गेली.

खरी जुंपली ती जूनमध्ये. न्यू जर्सीचा विल्यम पॅटरसन (आमच्या मुलीच्या राज्यातलं पॅटरसन शहर याच्याच नावाचं) म्हणाला, करार मुळातच चुकला असेल तर आपापल्या राज्यांत परत जाऊ आणि जास्तीचे अधिकार मागून आणू. स्वतःच घेऊ नये. हे वाक्य मला फार पटलं. नोकरीत मी हेच सांगत आलो. न्यूयॉर्कच्या लॅन्सिंगने सांगितलं, असलं काही शिजणार हे माहीत असतं तर आमच्या राज्याने आम्हाला पाठवलंच नसतं. यावर पेन्सिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सनने १६ जूनला दिलेलं उत्तर म्हणजे या सगळ्या वादाची गुरुकिल्ली आहे: आपल्याला कशाचाही शेवट करायचा अधिकार नाही, पण काहीही सुचवायची मोकळीक आहे.

खरं सांगतो, हे वाचून थोडा वेळ मी गप्प बसलो. कारण तो बरोबर आहे. सुचवायला अधिकार कशाला लागतो? वाचमनही सोसायटीला नवा पोटनियम सुचवू शकतो. जेम्स मॅडिसनने पुढे १८ जानेवारी १७८८ ला ‘फेडरॅलिस्ट’ या घटनेची बाजू मांडणाऱ्या लेखमालेच्या चाळिसाव्या लेखात हेच ताणून धरलं. त्याचं म्हणणं, आमचा मसुदा ज्यांच्याकडे पाठवला आहे त्यांची मान्यता मिळेपर्यंत तो ज्या कागदावर लिहिला त्या कागदापेक्षा जास्त किमतीचा नाही. शिवाय, काँग्रेसच्या ठरावात साधन आणि साध्य दोन्ही दिलेली होती: आर्टिकल्सची दुरुस्ती हे साधन, समर्थ सरकार हे साध्य. दोन्ही एकत्र जुळत नसतील तर साध्य राखावं, साधन सोडावं. वकिली म्हणून पहिल्या दर्जाची. आणि त्याच्या बाजूने आणखी एक कागद आहे, जो मला आधी ठाऊक नव्हता: व्हर्जिनिया, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया वगैरेंनी आपले प्रतिनिधी काँग्रेसच्या ठरावाच्या आधीच नेमले होते. म्हणजे त्यांचं अधिकारपत्र राज्याचं, काँग्रेसचं नव्हे. उलट न्यूयॉर्कने मात्र ते ‘एकमेव आणि स्पष्ट’ शब्द आपल्या पत्रात उतरवून घेतले होते. म्हणूनच लॅन्सिंग आणि त्याचा सोबती येट्स १० जुलैला सभा सोडून गेले. न्यूयॉर्कचा प्रतिनिधी म्हणून उरला एकटा हॅमिल्टन आणि राज्याचं मत मोजलं जायचं बंद झालं. एकाच सभेत कुणाच्या खिशात मोकळं अधिकारपत्र, कुणाच्या बांधलेलं. डेलावेअरवाल्यांना तर राज्याने बजावलेलं की प्रत्येक राज्याला एक मत या नियमाला हात लावायचा नाही.

तरी माझा आक्षेप उरतोच, आणि तो सुचवण्यावर नाही. तो नव्या मसुद्याच्या सातव्या कलमावर आहे. नऊ राज्यांच्या खास परिषदांनी मान्यता दिली की त्या राज्यांमध्ये घटना लागू. आर्टिकल्स म्हणतात तेरा. हे म्हणतात नऊ. आर्टिकल्स म्हणतात विधिमंडळं. हे म्हणतात लोकांनी निवडलेल्या परिषदा. प्रस्तावाने आपल्या मंजुरीची रीत आपणच ठरवली, तर मग ‘आम्ही नुसतं सुचवलं’ असं कसं म्हणता येईल? मॅडिसनलाही हे ठाऊक होतं. त्याच लेखात त्याने या एका मुद्द्यावर सूचनेबाहेर गेल्याचं मान्य केलं आणि एका राज्याच्या हटापायी बाराजणांचं भवितव्य अडकवायचं का, असं म्हणून विषय मिटवला. तिथे त्याने कायदा सोडला आणि गरज धरली. मीही कदाचित तेच केलं असतं, पण शेऱ्यात तसं लिहिलं असतं.

यावर काँग्रेसने काय केलं, ते आमच्या खात्यातल्या कुणालाही लगेच ओळखू येईल. २८ सप्टेंबर १७८७ ला तिने मसुदा ना मंजूर केला, ना फेटाळला; एकमताने राज्यांकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवून दिला. अग्रेषित! दुसऱ्याच दिवशी पेन्सिल्व्हेनियाच्या विधानसभेत, म्हणजे याच इमारतीत, मसुद्याच्या विरोधकांनी गैरहजर राहून गणपूर्ती मोडायचा डाव टाकला, तर जमावाने दोन सभासदांना त्यांच्या मुक्कामावरून ओढून आणून बसवलं. गणपूर्ती झाली. हा किस्सा रेंजर बाईंनी सांगितला तेव्हा सगळी टूर हसली. मला मात्र काही साखर कारखान्यांच्या निवडणुका आठवल्या.

टूर संपल्यावर वेस्ट विंगमधलं प्रदर्शन चुकवू नका. बहुतेक लोक फोटो काढून बाहेर बागेत जातात. इथे जाहीरनामा, आर्टिकल्स आणि घटना यांच्या त्या काळच्या छापील प्रती एकाच दालनात बघायला मिळतात. सह्यांसाठी वापरली गेली असं मानतात ती फिलिप सिंगची चांदीची दौतही इथेच. जुना करार आणि त्याला बाजूला सारणारा नवा मसुदा शेजारी शेजारी बघण्याची सोय सहसा मिळत नाही.

तिथून चालत नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर, आर्च स्ट्रीटवर. हे २००३ साली उघडलेलं वेगळं संग्रहालय, तिकीट वेगळं आणि हॉलच्या मानाने चांगलंच महाग. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, साइनर्स हॉल तेवढा बघा. माणसाच्या उंचीचे ४२ ब्राँझचे पुतळे, आणि त्यांच्यामधून आपण हिंडायचं. ३९ सह्या करणारे आणि सही नाकारणारे तिघे: गेरी, मेसन, रँडॉल्फ. नात फ्रँकलिनच्या शेजारी फोटो काढत होती तेव्हा मी पॅटरसन आणि रँडॉल्फ शोधत होतो. ‘अधिकार मागून आणू’ म्हणणारा पॅटरसन सह्या करणाऱ्यांत उभा आहे. नव्या सरकारचा आराखडा आणणारा रँडॉल्फ सही नाकारणाऱ्यांत. (आणि पुढच्या जूनमध्ये व्हर्जिनियाच्या परिषदेत हाच रँडॉल्फ पुन्हा घटनेच्या बाजूने बोलला. माणसाने किती वेळा वळावं!) येट्स आणि लॅन्सिंगचा पुतळा नाही. त्याच व्हर्जिनियाच्या परिषदेत ‘आम्ही लोक’ म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी, ‘आम्ही राज्ये’ का नाही, असं विचारणाऱ्या पॅट्रिक हेन्रीचाही नाही; तो फिलाडेल्फियाला आलाच नव्हता. ज्यांनी अधिकाराचा प्रश्न सर्वांत कडकपणे लावून धरला ते या दालनात नाहीत, हे बघणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

पुतळ्यांमध्ये हिंडताना मला मुकुंदराव जयकर आठवले. आपल्या संविधान सभेतही हाच प्रश्न निघाला होता, आणि काढणारा मुंबईचा बॅरिस्टर होता. डिसेंबर १९४६ मध्ये नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा जयकरांनी दुरुस्ती सुचवली: मुस्लिम लीग आणि संस्थानं येईपर्यंत ठराव थांबवा, कॅबिनेट मिशनच्या (ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाच्या) योजनेत या प्राथमिक बैठकीला एवढं ठरवायचा अधिकारच नाही. बरेच जण चिडले. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर बोलायला उठले, आणि त्यांनी कायद्याची बाजू मुद्दाम बाजूला ठेवली. अधिकार असेल, पण अधिकार वेगळा आणि शहाणपण वेगळं, असा त्यांचा रोख. ठराव पुढे ढकलला गेला, २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. जयकरांनी पुढे राजीनामा दिला आणि मुंबईच्या त्या रिकाम्या जागेवर जुलैमध्ये आंबेडकर निवडून आले. नातीला हे सांगितलं तर तिने वही काढली. एरवी माझ्या बोलण्यावर ती फक्त हेडफोन काढते.

एक फरक मात्र तिला बजावून सांगितला. फिलाडेल्फियाच्या सभेने मसुदा केला आणि लोकांपुढे ठेवला. बऱ्याच राज्यांत त्यावर भांडणं झाली. आपल्या सभेने घटना केली आणि स्वतःच अंगीकारली. ३९५ व्या कलमाने ज्या १९४७ च्या कायद्यातून तिला सत्ता मिळाली तो कायदाच रद्द केला. पुढे कुणाकडे मंजुरीला गेली नाही. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाला दोन्हीकडे शेरे मारायला जागा आहे.

फिलाडेल्फियाच्या फाइलवर मी काय लिहिलं असतं, असं जावयाने रात्री विचारलं. नऊ राज्यांची अट २१ जून १७८८ ला न्यू हॅम्पशायरने पुरी केली. नवं सरकार १७८९ मध्ये उभं राहिलं तेव्हा उत्तर कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड बाहेरच होते. ऱ्होड आयलंड आलं २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. म्हणजे तेराही आले, पण मागाहून. मी लिहिलं असतं: ‘सुचवण्यास हरकत नाही. नऊच्या अटीस आधार आढळत नाही. सर्व सभासदांची कार्योत्तर मंजुरी मिळाल्याने आक्षेप वगळण्यात येत आहे.’

कुणी जावं? घटनेत रस असलेल्यांनी, आठवीच्या पुढच्या मुलांनी आणि आयुष्यात एकदा तरी सभा चालवली असेल त्यांनी. लहान मुलं कठड्याशी कंटाळतात. त्यांना घंटेकडे न्या. जेवणाला बाराव्या रस्त्यावरचं रीडिंग टर्मिनल मार्केट गाठा, १८९३ चा बाजार आहे, शाकाहारी माणसाचंही भागतं. पादत्राणं आरामाची घाला, कारण सगळं पायीच आहे. आणि रेंजरला काही विचारायचं असेल तर असेंब्ली रूममध्ये शिरल्या शिरल्या विचारा. मागची तुकडी दाराशी आली की त्यांना पुढे सरकावंच लागतं.